ढगांना वार कळतो का?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की आपट्याच्या पुढे जिते नावाचे छोटे स्टेशन लागते. पेण तालुक्यातले हे गाव. जुलै महिन्यात इथे पाण्याने भरलेली भातखाचरे दिसतात आणि पलीकडे पावसाचा पडदा. आता समजा, जित्यात राहणाऱ्या तुमच्या मित्राने सांगितले, "काल आमच्याकडे १०० मिलिमीटर पाऊस झाला." हा आकडा बरोबर की चूक, हे कसे ठरवाल? कालचे पाणी तर ओढ्याने खाडीला गेले. ते पुन्हा मोजता येणार नाही.

जे पुन्हा मोजता येत नाही, त्याचा आकडा तपासण्याची एक युक्ती आहे. ती समजून घेण्यासाठी थोडा वेळ बर्फाच्या प्रदेशात जाऊ.

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाळ उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात. आपल्याकडे तो काश्मीरमध्ये गुलमर्गला चालतो. अमेरिका आणि कॅनडात मात्र तो मोठा धंदा आहे. तिथली स्कीइंगची केंद्रे रोज सकाळी जाहीर करतात, की रात्री इतके सेंटिमीटर नवे बर्फ पडले. ताजे, भुसभुशीत बर्फ जितके जास्त, तितके खेळणारे जास्त. म्हणजे पाहा, बर्फ मोजणारा तोच आणि तिकिटे विकणाराही तोच! बर्फ मोजायला एक सपाट पांढरी फळी आणि एक पट्टी पुरते. पण फळी ठेवायची कुठे? डोंगराच्या माथ्यावर ठेवली तर बर्फ जास्त भरते. वाऱ्याने ढीग साचतो अशा कोपऱ्यात ठेवली तर आणखी जास्त. अगदी उघड खोटे न बोलताही आकडा फुगवता येतो.

डार्टमथ कॉलेजातले जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या केंद्रांचे २००४ ते २००८ या काळातले आकडे गोळा केले आणि एक साधा प्रश्न विचारला : हा आकडा कोणत्या वारचा? गिऱ्हाइकांची गर्दी शनिवार-रविवारी होते. पण आकाशाला शनिवार ठाऊक नसतो. सातही वारांना सरासरीने सारखेच बर्फ पडायला हवे. २००९ मध्ये त्यांनी प्रथम मांडलेल्या निष्कर्षानुसार, केंद्रांनी शनिवार-रविवारी सांगितलेले नवे बर्फ इतर वारांपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी जास्त भरत होते.

इथे एक शंका काढायला हवी. खरोखरच सुट्टीच्या दिवशी जास्त बर्फ पडत असेल तर? मोठ्या शहरांच्या धुरामुळे हवामानाला आठवड्याची लय येते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेच. म्हणून त्यांनी जवळपासच्या सरकारी हवामान केंद्रांचे आकडेही तपासले. त्यांना तिकिटे विकायची नसतात. त्यांच्या नोंदींत शनिवार-रविवारची अशी वाढ दिसली नाही. आणखी एक गंमत अशी, की ज्या केंद्रांना फुगवण्यात जास्त फायदा होता, तीच जास्त फुगवत होती. पुढे २००९ च्या सुरुवातीला लोकांना उतारावरूनच आपापल्या मोबाइल फोनवरून "इथे इतके बर्फ नाही" असे सर्वांना कळवता येऊ लागले. तेव्हा फुगवटा झपाट्याने उतरला. जिथे फोन नीट लागत होता, तिथे तर अधिकच!

रविवारी पाऊस पडत नाही?

तुम्ही म्हणाल, पाऊस मोजणाऱ्याला कुठे तिकिटे विकायची आहेत? खरे आहे. पण त्याला सुट्टी तर हवी असते! आपल्याकडे पाऊस रोज सकाळी ८ वाजून ३० मिनिटांनी मोजतात आणि मागच्या २४ तासांचा आकडा त्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. आता रविवारी कोणी मोजायलाच गेले नाही, तर काय होईल? पाणी मापकात तसेच राहील. सोमवारी सकाळी ४८ तासांचे पाणी एकदम निघेल. ते सोमवारच्या नावावर लिहिले, की रविवार कोरडा आणि सोमवार दुप्पट ओला!

ऑस्ट्रेलियातल्या नोंदींत नेमके हेच सापडले. व्हायनी आणि बेट्स या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवले, की तिथल्या निवडक, उत्तम मानलेल्या नोंदींतही रविवारी पाऊस कमी आणि सोमवारी जास्त दिसतो. यात कोणाची लबाडी नव्हती. एकूण बेरीजही बरोबर होती. पण अशा नोंदींवरून 'एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस' काढला आणि त्यावर पुलाची उंची ठरवली, तर हिशेब चुकणारच.

दुसरी खूण अंकांत सापडते. अमेरिकेत स्वयंसेवकांकडून पाऊस मोजून घेण्याची जुनी पद्धत आहे. २००७ मध्ये त्या नोंदी तपासल्या, तेव्हा ० आणि ५ या अंकांनी संपणारे आकडे फार जास्त आढळले. पाऊस ४३ असला, तरी डोळा ४५ वाचतो. शिवाय सव्वा मिलिमीटरहून कमी पावसाच्या नोंदी कमी होत्या. एवढ्याशासाठी भिजत कोण जाणार?

आपल्या राज्यात या आकड्यांवर बरेच काही अवलंबून असते. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी धरतात आणि पिकाच्या नुकसानीची मदत ठरवताना हा आकडा पाहतात. ६४ आणि ६६ यांतला फरक खाचरातल्या रोपाला कळत नाही, पण शेतकऱ्याला चांगलाच कळतो. २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांतून दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. यंत्राला रविवार नसतो हे खरे. पण त्याच्या नरसाळ्यात पाने अडकतात आणि कोळी जाळी विणतात, म्हणून त्याच्याकडेही पाहावे लागते.

मात्र दोन मापकांचे आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच कोणाला खोटे ठरवू नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मि.मी. पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३! दोन्ही आकडे खरे होते. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. ते पुष्कळ दिवसांच्या आकड्यांवरून ठरते.

जित्याचा पर्जन्यमापक

तुमच्या शाळेतही पाऊस मोजता येईल. १६ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे घ्या. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३.१४ × ८ × ८, म्हणजे सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. त्यावर १ मि.मी. पाऊस पडला, की २० मिलिलिटर पाणी जमते. तेव्हा जमलेले पाणी मोजा आणि २० ने भागा. मापक मोकळ्यावर ठेवा. पागोळ्यांखाली किंवा आंब्याखाली ठेवू नका. कोकणात दोन लिटरची बाटली पुरत नाही, ती १०० मि.मी.लाच भरते. म्हणून बाटली कोरड्या, झाकणाच्या बादलीत ठेवा. झाकणाला भोक पाडून त्यातून नरसाळे बाटलीत सोडा, म्हणजे उतू गेलेले पाणी बादलीत सापडेल.

जून ते सप्टेंबर नोंदी ठेवल्यावर १० मि.मी.हून मोठे आकडे वेगळे काढा आणि प्रत्येकातला एकम् स्थानचा अंक पाहा. असे ५० आकडे असतील, तर ० किंवा ५ ने संपणारे साधारण १० असावेत. २० निघाले, तर मोजणारा अंदाजाने वाचतो आहे. मग वारांचा तक्ता करा. त्यात मिलिमीटरांची बेरीज करू नका, पावसाचे दिवस मोजा. नाहीतर एकच मुसळधार सोमवार सगळा तक्ता बिघडवील.

आता हे उदाहरण सोडवा. शनिवारी सकाळी साडेआठला बाटली रिकामी केली. रविवारी शाळा बंद, कोणी आले नाही. सोमवारी साडेआठला १ लिटर ४०० मिलिलिटर पाणी निघाले. १४०० भागिले २०, म्हणजे ७० मि.मी. अतिवृष्टी झाली का?

सांगता येत नाही. दोन्ही दिवस ३५-३५ पडला असेल, किंवा सगळा एकाच रात्री. रविवारच्या रकान्यात शून्य लिहू नका आणि निम्मे-निम्मे वाटूनही टाकू नका. वहीत एवढेच लिहा : 'रविवारी मोजले नाही. शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ, ४८ तासांचे ७० मि.मी.'