पांच सेंटांचें चित्रगृह : मुलांच्या एका दूरचित्रवाणी-वाहिनीचा इतिहास

निकेलोडियन हें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नारिंगी रंगांत पाहिलें असेल. परंतु त्याचा अर्थ काय, असें विचारल्यास थोड्यांनाच उत्तर देतां येईल. अमेरिकेंत पांच सेंटांच्या नाण्यास निकेल म्हणतात, आणि ओडियन हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ गायनवादनाचें सभागृह असा होतो. १९०५ सालीं पिट्सबर्ग शहरांत हॅरी डेव्हिस व जॉन हॅरिस ह्या दोघांनीं एका दुकानाच्या जागेंत खुर्च्या मांडून, पांच सेंट घेऊन लोकांस हलतीं चित्रें दाखविण्यास आरंभ केला, व त्या जागेस हें जोडनांव दिलें. पुढें अशा सर्वच स्वस्त चित्रगृहांस तें नांव पडलें. कामकरी लोक, नुकतेच परदेशांतून आलेले गरीब, आणि मुलें तर विशेषच, तेथें गर्दी करीत. त्यानंतर ७४ वर्षांनीं, १ एप्रिल १९७९ रोजीं, केवळ मुलांसाठीं निघालेल्या एका वाहिनीनें हें जुनें नांव उचललें. त्या वाहिनीची हकीकत येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे; कारण आपल्या घरांतील मुलें रोज काय पाहतात आणि तें कोणीं व कां तयार केलें, हें मुलांनीं व त्यांच्या आईबापांनींही जाणून घेण्यासारखें आहे.

प्रथम केबल म्हणजे काय तें पाहूं. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेंत जातात. वाटेंत डोंगर आला कीं त्या पलीकडच्या दरींत उतरत नाहींत. १९४८ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया व ऑरेगन ह्या संस्थानांतील डोंगराळ गांवीं कांहीं उद्योगी लोकांनीं उंच जागीं एक मोठा अँटेना उभारला व तेथून तारा ओढून घरोघरीं चित्र नेलें. केबलचा जन्म असा अडचणींतून झाला. परंतु लवकरच असें दिसून आलें कीं, एका तारेंतून एकच नव्हे तर अनेक वाहिन्या नेतां येतात. हा शोध मुलांच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा ठरला. ज्या गांवीं तीनचारच वाहिन्या दिसतात, तेथें प्रत्येक वाहिनीस सर्वांचेंच मन राखावें लागतें, आणि मुलांच्या वांट्यास शनिवारची सकाळ व शाळेनंतरचा एखादा तास येतो. वाहिन्या तीस झाल्या म्हणजे त्यांतील एक मुलांस देऊन टाकणें कोणास जड जात नाहीं.

वॉर्नर कंपनीनें नेमकें हेंच केलें. ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरीं तिनें १ डिसेंबर १९७७ रोजीं ‘क्यूब’ नांवाची नवी व्यवस्था सुरू केली. तींत तीस वाहिन्या असून, प्रेक्षकाच्या हातीं कळांची एक पेटी दिलेली असे. ती दाबून घरबसल्या प्रश्नांस उत्तर देतां येई. ह्या तीसांपैकीं एक वाहिनी बालकांसाठीं राखली होती व तिचें नांव ‘पिनव्हील’, म्हणजे भिरभिरें, असें होतें. तिची आंखणी व्हिव्हियन हॉर्नर ह्या बाईंनीं केली. १९६९ पासून ‘सेसमी स्ट्रीट’ हा प्रसिद्ध बालकार्यक्रम चालविणाऱ्या संस्थेंत त्यांनीं पूर्वीं संशोधनाचें काम केलेलें होतें. भिरभिऱ्याच्या घरांत माणसें व बोलक्या बाहुल्या एकत्र राहत, गोष्टी सांगत, आणि मधून मधून देशोदेशींचे छोटे चित्रपट दाखवीत. हेंच भिरभिरें १९७९ मध्यें उपग्रहाच्या साहाय्यानें देशभर पोंचलें व निकेलोडियन झालें.

आरंभीं ह्या वाहिनीवर एकही जाहिरात नसे. हें ऐकून कोणास वाटेल कीं चालकांचें मन फार उदार असावें. मनें कशीं होतीं तें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु हिशेब उघड होता. त्या काळीं एखाद्या गांवांत तारा घालावयाच्या तर तेथील नगरपालिकेची परवानगी लागे व त्यासाठीं कंपन्यांची चढाओढ चाले. ‘आम्ही तुमच्या मुलांसाठीं स्वतंत्र, निर्मळ, जाहिरातींवांचून वाहिनी देऊं’ असें म्हणणाऱ्या कंपनीस नगरपालिका सहसा विन्मुख पाठवीत नसत. सारांश, वाहिनी मुलांची असली तरी ती आवडावयाची होती मोठ्यांना. आणि झालेंही तसेंच. आईबाप संतुष्ट, परंतु मुलें दूर! ही वाहिनी म्हणजे ताटांतील हिरवी भाजी आहे, प्रकृतीस चांगली पण जिभेस नको, असें तिच्याविषयीं बोललें जाऊं लागलें. १९८४ च्या सुमारास ती तोट्यांत होती व प्रेक्षकसंख्येंत अगदीं तळाशीं होती.

त्याच वर्षीं जेराल्डिन लेबोर्न ह्या बाईंकडे वाहिनीचीं सूत्रें आलीं. १९८० पासून त्या तेथेंच काम करीत होत्या. त्यांनीं एक साधी गोष्ट केली : मुलांनाच बोलावून विचारलें. मुलांच्या बोलण्यावरून त्यांच्या ध्यानीं आलें कीं, मुलाचें सारें जग मोठ्यांच्या हुकमतीखालीं असतें. घरीं आईबाप, शाळेंत शिक्षक. तेव्हां मुलांस आपल्या बाजूची अशी एक जागा हवी आहे. मग जुनें चिन्ह गेलें व नारिंगी रंगाचा शिंतोडा हें वाहिनीचें चिन्ह झालें. त्याचा आकार ठराविक नसे. कधीं तो ढग, कधीं मासा, कधीं पाऊल. कॅनडांतील ओटावा शहरीं तयार होणाऱ्या एका विनोदी कार्यक्रमांत, ‘मला ठाऊक नाहीं’ असें जो म्हणेल त्याच्या डोक्यावर हिरवा चिखल ओतीत. तो हिरवा चिखल ह्या वाहिनीचें जणूं निशाणच होऊन बसला. १९८६ सालीं ‘डबल डेअर’ हा प्रश्नोत्तरांचा खेळ सुरू झाला. त्यांत उत्तर न आल्यास चिखलांत, फेसांत व रंगांत लोळून एखादें शारीरिक आव्हान पुरें करावें लागे. मोठ्यांनीं नाकें मुरडलीं आणि मुलें पडद्याभोंवतीं जमलीं.

ह्याच सुमारास वाहिनीवर जाहिराती आल्या, हेंही सांगावयास हवें. मुलें आवडीनें पाहतात अशी जागा व्यापाऱ्यास सोन्याहून मोलाची. त्यामुळें खाऊ व खेळणीं विकणाऱ्यांस मुलांच्या घरांत शिरण्यास एक नवा दरवाजा मिळाला. आमच्या मतें ह्या वाहिनीच्या इतिहासांतील हा सर्वांत मोठा फेरबदल होय. नारिंगी चिन्हापेक्षांही मोठा. रात्रीं मुलें झोंपल्यावर पडदा रिकामा राहूं नये म्हणून १ जुलै १९८५ पासून मोठ्यांसाठीं जुन्या मालिका दाखविण्याचीही प्रथा पडली.

११ ऑगस्ट १९९१ रोजीं वाहिनीनें स्वतः करविलेल्या तीन व्यंगचित्रमालिका एकदम आल्या : ‘डग’, ‘रगरॅट्स’ आणि ‘रेन आणि स्टिम्पी’. त्यांचें महत्त्व कळण्यास त्यापूर्वींची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील पुष्कळ व्यंगचित्रमालिका दुकानांतील खेळण्यांवरून रचलेल्या असत. आधीं बाहुला, मग त्याची कथा. येथें मात्र चित्रकाराच्या मनांतील पात्रें प्रथम आलीं. ‘रगरॅट्स’ मालिकेंत रांगतीं बाळें आपसांत बोलतात व मोठ्यांचें जग खालून पाहतात. टेबलाखालची जागा त्यांस अरण्यासारखी वाटते. ‘डग’ हा एक भित्रा, सरळ मनाचा, रोजनिशी लिहिणारा मुलगा आहे. आमच्या विद्यार्थ्यांस तो आपल्या वर्गांतलाच वाटेल.

आतां आम्ही ज्या कार्यक्रमापाशीं थोडें थांबूं इच्छितों तो ‘ब्लूज क्लूज’ होय. तो ८ सप्टेंबर १९९६ रोजीं सुरू झाला. त्यांत निळ्या रंगाची एक कुत्री घरांतील तीन वस्तूंवर आपल्या पावलाचे ठसे उमटविते, आणि त्या तीन खुणांवरून तिच्या मनांत काय आहे तें घरधन्यानें व पाहणाऱ्या मुलांनीं ओळखावयाचें असतें. घरधनी पडद्याकडे पाहून प्रश्न विचारतो व मग गप्प उभा राहतो. तो बराच वेळ थांबतो. मोठ्या माणसास तें थांबणें चमत्कारिक वाटतें, पण चार वर्षांच्या मुलास विचार करून ओरडण्यास तितका वेळ लागतोच. प्रत्येक भाग तयार होत असतां तो वेगवेगळ्या अवस्थांत तीन वेळां खऱ्या मुलांपुढें मांडून पाहत, आणि मुलें जेथें चुळबूळ करीत तेथें दुरुस्ती करीत. ह्याहून विशेष म्हणजे, एकच भाग सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पांचही दिवस दाखवीत. मुलें कंटाळलीं नाहींत. पहिल्या दिवशीं तीं नुसतीं पाहत. पुढें पुढें कोडें सुटूं लागलें म्हणजे ओरडून उत्तरें देत. आजी तीच गोष्ट पुन्हा सांगते तेव्हां मूल कां खुलतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास ह्यांत नवल वाटणार नाहीं. शिक्षकानें प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देऊं नये, हा धडा ह्या निळ्या कुत्रीकडून घेण्यासारखा आहे, असें आम्हांस वाटतें.

ह्याच्या अगदीं उलट चालीचें उदाहरण ‘स्पंजबॉब’ ह्या मालिकेचें. तिचा कर्ता स्टीफन हिलेनबर्ग हा मुळांत समुद्रजीवशास्त्राचा शिक्षक. कॅलिफोर्नियांतील एका सागरी संस्थेंत तो मुलांस भरतीओहोटीच्या पट्ट्यांतील जीव शिकवी, व त्यासाठीं त्यानें एक चित्रपुस्तिकाही काढली होती. त्यांतूनच पुढें समुद्राच्या तळाशीं अननसांत राहणारा पिवळा स्पंज जन्मास आला. मालिका १ मे १९९९ रोजीं प्रथम दिसली आणि ह्या वाहिनीची सर्वांत प्रसिद्ध मालिका झाली. बोर्निओ बेटांत सांपडलेल्या एका अळंबीस २०११ सालीं शास्त्रज्ञांनीं ह्या स्पंजाचेंच नांव दिलें.

त्याच २०११ सालीं व्हर्जिनिया विद्यापीठांतील लिलार्ड व पीटरसन ह्या दोघींनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार वर्षांचीं साठ मुलें घेऊन त्यांचे तीन गट पाडले. एका गटानें नऊ मिनिटें ही वेगवान मालिका पाहिली. दुसऱ्यानें तितकाच वेळ एका संथ मालिकेचा भाग पाहिला. तिसऱ्यानें कागदावर रंगीत चित्रें काढलीं. वेगवान मालिकेंत सरासरी दर ११ सेकंदांस देखावा पुरता बदलत होता. संथ मालिकेंत ३४ सेकंदांस. लगेच सर्वांस मन लावून करावयाचीं कामें दिलीं : चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर नेणें, आंकडे उलट म्हणणें, खाऊ समोर असतां वाट पाहणें. पहिला गट मागें पडला. दुसऱ्या व तिसऱ्या गटांत फरक आढळला नाहीं. वाहिनीनें उत्तर दिलें कीं ही मालिका सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीं आहे, चार वर्षांच्यांसाठीं नव्हे. हें उत्तर खोटें नाहीं. आणि प्रयोगानें ताबडतोबचा परिणाम मोजला, तो किती वेळ टिकतो तें मोजलें नाहीं, हेंही खरें. परंतु आपल्या घरांत थोरल्या भावाची मालिका धाकट्यास लावून देऊन त्यास भरवीत बसण्याची जी चाल पडली आहे, तिच्याविषयीं आईबापांनीं ह्या आंकड्यांवरून विचार करावा.

वाहिनीनें मुलांसाठीं बातम्याही दिल्या. लिंडा एलर्बी ह्या पत्रकार बाईंचा कार्यक्रम १९९२ ते २०१५ पर्यंत चालला. १९९२ मध्येंच प्रसिद्ध खेळाडू मॅजिक जॉन्सन ह्यानें मुलांमध्यें बसून, आपणांस झालेल्या एचआयव्हीच्या बाधेविषयीं मोकळेपणीं उत्तरें दिलीं. तीच बाधा असलेलीं मुलेंही तेथें होतीं. ज्या विषयावर मोठीं माणसें दबक्या आवाजांत बोलत, तो मुलांपुढें सरळ मांडला गेला. २००४ पासून वर्षांतून एक दिवस दुपारीं तीन तास वाहिनी बंद ठेवून ‘बाहेर जाऊन खेळा’ असा संदेश पडद्यावर देण्याचीही रीत पडली. दूरचित्रवाणीनें स्वतःच सांगावें कीं मला बंद करा, ही मौज खरीच!

आपल्या देशांत ही वाहिनी १९९९ सालीं आली. पूर्वीं आपल्याकडे दूरदर्शनच होतें. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, व त्याचा ‘किलबिल’ हा मराठी बालकार्यक्रम आजच्या आईबापांस आठवत असेल. १९९१ नंतर गल्लोगल्लीं केबलवाल्यांनीं गच्चीवरून गच्चीवर तारा टाकल्या, तेव्हां परकीय वाहिन्यांस वाट मिळाली. आरंभीं परदेशी मालिका येत. पुढें २०१२ मध्यें ‘मोटू पतलू’ आले. हीं दोन पात्रें ‘लोटपोट’ ह्या जुन्या हिंदी बालपत्रिकेंतलीं. समोसे खाऊन बळ चढणारा मोटू आमच्या मुलांस इतका आवडला कीं, शाळेंत हिंदी सुरू होण्यापूर्वींच कित्येक मराठी मुलें त्याच्या तोंडचें हिंदी बोलूं लागलीं.

पुढें तारेचें राज्यही ओसरूं लागलें. मुलें आतां इंटरनेटवर हवें तें हवें तेव्हां पाहतात, व अमेरिकेंत केबलचीं घरें वर्षानुवर्षें घटत आहेत. २०२४ सालीं एका माहितीपटांत ह्या वाहिनीच्या मालिकांमधील कांहीं माजी बालनटांनीं, लहानपणीं चित्रीकरणाच्या जागीं आपणांस सोसाव्या लागलेल्या गैरवर्तनाच्या व छळाच्या हकीकती सांगितल्या. पडद्यावर हंसणारें मूल पडद्यामागें कोणाच्या देखरेखीखालीं असतें, हा प्रश्न त्यामुळें पुष्कळांस पडला.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक प्रयोग करून पाहण्यास आम्ही सुचवितों. घड्याळ व वही घेऊन धाकट्या भावंडाच्या आवडत्या कार्यक्रमासमोर बसावें, आणि देखावा पुरता बदलला कीं वहींत एक रेघ मारावी. दहा मिनिटांच्या रेघा मोजून सेकंदांचा हिशेब काढावा. कार्यक्रम संपतांच त्या भावंडास, आतां काय झालें तें सांग, असें म्हणावें, व तें जें सांगेल तें त्याच पानावर खालीं लिहून ठेवावें. असे दोनतीन निरनिराळे कार्यक्रम झाले म्हणजे तीं पानें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं.