बधिर पायाची राखण

पायाची जखम भरली, हाड सांधलें, तरी पाऊल परक्याचें वाटतें, असें सांगणारे बंधु आम्हांस गांवोगांवीं भेटतात. त्यांच्यासाठीं हा पाठ आहे, आणि त्यांत आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, किंचित् खालीं, बोटास हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याच्या खालून वळसा घेऊन एक मज्जातंतु कातडीच्या अगदीं लगत उतरतो. गाडीचें चाक तेथें आदळलें, अथवा मोडक्या पायास फळ्या फार आवळून बांधल्या, म्हणजे तो चेंगरतो. मग पाऊल वर उचलत नाहीं, बोटें जमिनीस अडखळतात, व पावलाची पाठ बधिर होते.

सेडन नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें १९४३ सालीं अशा इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यांत तंतु केवळ मुका होतो व कांहीं आठवड्यांत बोलूं लागतो. तिसऱ्यांत तो सबंध तुटतो. शस्त्रक्रियेवांचून जुळत नाहीं. मधल्या प्रकारांत वेष्टन शाबूत राहून आंतील धागे तुटतात, आणि ते दिवसास सुमारें १ मिलिमीटर वाढतात. गुडघ्यापासून पावलापर्यंत दोन विती अंतर; म्हणजे वर्षाहून अधिक काळ झाला! तोंवर घोटा आंखडूं नये म्हणून पाऊल रोज हातानें वर वांकवावें.

परंतु खरा धोका या वाट पाहण्याच्या काळांत आहे. आमच्या मंडळींतील एका तरुणास आम्हींच म्हटलें, "शेक द्या." त्याच्या आईनें फडक्यांत गुंडाळून तापलेली वीट पावलावर ठेवली. ऊन लागत नाहीं असें तो म्हणे, म्हणून तिनें ती आणखी तापविली. सकाळीं पावलावर मोठा फोड होता. पहिल्या जखमेपेक्षां ही जखम भरण्यास अधिक दिवस लागले. त्या माऊलीचा दोष नव्हता. सल्ला आमचा होता.

बधिर अंगास शेक देऊंच नये. स्नानाचें पाणी हातानें पाहावें. रोज रात्रीं दिव्यापाशीं बसून वहाणेच्या पट्ट्याखालची जागा डोळ्यांनीं तपासावी.

पाय मोडल्यावर बंधनाखालीं वेदना वाढत जाऊन बोटें बधिर होऊं लागलीं, तर बंधन सैल करून त्याच क्षणीं रुग्णालयाची वाट धरावी. तेथें घटकांचा हिशेब असतो. आणि इजा झालेली नसतांना पाऊल बधिर झालें, तर लाजूं नये. हाच तंतु कुष्ठरोगांतही सुजतो, व त्या रोगाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें.