डाळिंबाच्या रसाचे आठ महिने

बाग आमची स्वतःची, संगमनेरपासून दहा किलोमीटरवर. त्यामुळे लेकीचं रक्त कमी निघालं तेव्हा घरात कुणी फार घाबरलं नाही. सातव्या महिन्यापासून तिला भगवा डाळिंबाचा रस सुरू झाला, जोडीला बीट आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले लोहाचे थेंब. थेंबांनी नवे दात काळे पडले, शी काळी होऊ लागली, पण हिमोग्लोबिन सहाच्या वर जाईना. सव्वा वर्षाची झाली तरी भिंतीला धरून उभी राहिली की धाप लागायची. पोट डाव्या बाजूला टणक लागायचं. जंत असतील, असं आजी म्हणायची. ती वाढलेली प्लीहा होती.

नाशिकच्या डॉक्टरांनी लेकीच्या आधी आमच्या फायली मागितल्या. बायकोच्या गरोदरपणातला साधा सीबीसी काढून त्यांनी दोन आकड्यांभोवती पेनाने गोल केले. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, ६४ आणि लाल पेशी ५४ लाख. हिमोग्लोबिन १०.२ होतं, ‘बाईमाणसाला एवढं असतंच’ म्हणून सगळे तिथेच थांबले होते, मीही. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही घटतात. इथे त्या लहान होत्या, पण भरपूर. हा थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे वाहक असल्याचा इशारा. मग दोघांची एचपीएलसी तपासणी झाली. हिमोग्लोबिन ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की माणूस सहसा वाहक असतो, तिचं ५.१ निघालं, माझं ५.४.

बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. घरातलीच पोरगी म्हणून पत्रिकासुद्धा पाहिली नव्हती. आजीकडून किंवा आजोबांकडून आलेला एकच दोष आईमार्फत माझ्यात आणि सासऱ्यांमार्फत तिच्यात उतरला. आम्हा दोघांना आयुष्यात त्याचा काही त्रास नाही. पण दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे लेकीसारखं आजारी, निघण्याची शक्यता चारात एक. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब एका नातेवाइकाने आम्हाला ऐकवला होता. फासा दरवेळी नव्याने पडतो.

‘हा सिंधी लोकांचा आजार, आपल्यात कुठून?’ हेही खूप ऐकलं. काही समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण देशभरात शंभरात तीन-चार माणसं वाहक असतात. सोनोग्राफीवर विसंबू नका. तिथे आकार दिसतो, हिमोग्लोबिनचा दोष दिसत नाही. जन्मानंतर काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन टिकून असतं, म्हणून बाळ गुटगुटीत दिसतं. आणि फिक्कट मुलाला रक्त चढवण्याची वेळ आलीच, तर त्याआधी एचपीएलसीचा नमुना काढून घ्या. नंतर दात्याचं रक्त मिसळून निदान चकवतं. नंदुरबार-गडचिरोलीकडे आढळणारा सिकलसेलही याच तपासणीत कळतो.

आता लेकीला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. प्रत्येक पिशवीतून दोनेकशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने हृदयात, यकृतात साठतं. म्हणून रोज उपाशीपोटी डेफेरासिरॉक्सची गोळी पाण्यात विरघळवून द्यायची. ज्या चमच्याने आठ महिने लोह पाजलं, त्याच चमच्याने आता लोह काढायचं औषध ढवळतो. लोह किती साठलं हे सांगणारी फेरिटिनची तपासणी चुकवू नका. पोर खेळती दिसते म्हणून आम्ही एकदा चुकवली होती. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून ठेवा. रक्तपेढीत अशा मुलांकडून शुल्क घ्यायचं नसतं, हे काउंटरवर शांतपणे सांगा.

दुसऱ्या खेपेला आम्ही वेळेत गेलो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था आहे. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना तपासून गर्भाचं निदान होतं. त्याआधी आईबापांचे जनुकीय दोष नेमके ठाऊक असावे लागतात, म्हणून दिवस गेल्यावर धावण्यापेक्षा आधी जा. मुलगा मायनर निघाला, आमच्यासारखाच.

आजोळच्या सगळ्यांना मी स्वतः फोन केले. सोयरीक मोडेल म्हणून ‘बोलू नको कुठं’ असं मला दोघांनी सांगितलं. मावसभावांपैकी दोघांनी अजून तपासणी केलेली नाही. एकाचं लग्न वैशाखात आहे.