लोखंडी घोड्याची निगा

उल्हास नदीच्या खोऱ्यात, कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या वाटेवर बदलापूर आहे. पूर्वी या मार्गाने जाणारे स्वार येथे थकलेले घोडे सोडून ताज्या दमाचे घोडे घेत, म्हणून गावाला बदलापूर हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. थकलेला घोडा ओळखणे कठीण नसे. तो मान टाकी, त्याच्या तोंडाला फेस येई, पाऊल उचलेनासे होई. आजचा प्रवासी लोखंडी घोड्यावर बसून याच वाटेने जातो. हा घोडा आजारी पडला, तर ते कसे ओळखावे? वाटेत बदलून घेण्यास दुसरा घोडा नाही. मग याला सांभाळावे कसे? जुन्या ‘बुलेट’ मोटरसायकलीच्या उदाहरणाने आपण हे पाहू.

रॉयल एन्फील्ड कंपनीने इंग्लंडात १९३२ साली आपल्या एका मोटरसायकलीस प्रथम ‘बुलेट’, म्हणजे बंदुकीची गोळी, हे नाव दिले. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याला सरहद्दीवरील गस्तीसाठी खडतर रस्त्यांवर टिकणारे वाहन हवे होते. त्यासाठी या गाडीची निवड झाली. १९५५ साली मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आरंभी इंग्लंडातून आलेले भाग येथे जोडले जात. पुढे ते येथेच घडू लागले. १९७० साली कंपनीचे इंग्लंडातील उत्पादन थांबले. आपल्याकडील बुलेट मात्र चालूच राहिली, आणि १९७७ पासून ती उलट इंग्लंडातच निर्यात होऊ लागली! बिडाच्या सिलिंडरचे ते जुने इंजिन २०१० च्या सुमारास बनणे बंद झाले. तरी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागात त्याची धडधड अजून ऐकू येते.

हे इंजिन इतकी वर्षे का टिकले? त्याची रचना साधी आहे, म्हणून. त्यात एकच सिलिंडर आणि त्यात खालीवर होणारा एकच दट्ट्या असतो. दट्ट्या पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढतो, ते दाबतो, ठिणगीने ते पेटले की जोराने खाली ढकलला जातो, आणि शेवटी धूर बाहेर लोटतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या एका सेकंदात शंभर वेळा सिलिंडरचे अंतर कापतो. पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली! एवढ्या हादऱ्यांनी नट सैल होतात, साखळी ताणते, तेल जळते. यात यंत्राचा दोष नाही. जे सतत झिजते, त्याकडे सतत पाहिले पाहिजे, एवढेच.

म्हणून जाणता स्वार निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारतो. तेलाची पातळी, चाकांतील हवा, दोन्ही ब्रेक आणि दिवे तो तपासतो. मागील साखळी बोटाने हलवून पाहतो. मध्यभागी ती सुमारे २५ मिलिमीटर खालीवर व्हावी. फार ताठ असेल तर ती लवकर झिजते, फार ढिली असेल तर निसटते. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे लागते. ते नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. त्यासाठी फीलर गेज नावाची पातळ पोलादी पट्टी वापरतात. प्लग काढून पाहिला तरी इंजिनची प्रकृती कळते. त्याचे टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर सर्व ठीक. काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त जळत आहे. पांढरे पडले असेल तर ते कमी पडत आहे. वैद्य जीभ पाहतो, तसाच मेस्त्री प्लग पाहतो.

निगा राखूनही बिघाड होतोच. तेव्हा काय करावे? समजा, बदलापूरहून कर्जतकडे निघालेली एक गाडी काही मैलांवर आपोआप बंद पडली. स्वार खाली उतरला, घाम पुसला, थोड्या वेळाने किक मारली, गाडी चालू! पुन्हा काही मैलांवर तेच. त्याने प्लग बदलला, गुण नाही. कॉइल बदलली, पैसे गेले, गुण नाही. अखेर तो एका वृद्ध मेस्त्रीकडे गेला. मेस्त्रीने पाना उचललाच नाही. त्याने विचारले, “दादा, बंद पडल्यावर टाकीचे झाकण कधी उघडून पाहिलेत का?” झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज झाला. झाकणातील बारीक छिद्र धुळीने बुजले होते!

याचे कारण तुम्ही घरी पाहिलेले आहे. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत पडते. दुसरे भोक पाडले की हवा आत शिरते आणि धार नीट लागते. टाकीचेही तसेच. वरून हवा आत आली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी थांबल्यावर हळूहळू थोडी हवा आत झिरपे, म्हणून ती पुन्हा चालू होई. दुरुस्तीला लागली एक टाचणी! स्वाराचे आजवरचे उपाय मात्र ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशा प्रकारचे होते.

मेस्त्रीची रीत ध्यानात ठेवा. पेट्रोल पोहोचते का? ठिणगी पडते का? दट्ट्या मिश्रण नीट दाबतो का? हे तीन प्रश्न तो क्रमाने विचारतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहतो. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत करतो, तेच हा रस्त्याच्या कडेला करतो. त्याचे हात काळे असतात, परंतु त्याची बुद्धी स्वच्छ असते.

एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये. ते ठिकाण म्हणजे ब्रेक. कर्जत-खोपोलीवरून बोरघाट चढता येतो तो इंजिनच्या बळावर. उतरताना मात्र जीव ब्रेकवर असतो. जुन्या गाडीचे ब्रेक ड्रमच्या आत असतात आणि पाण्यातून गेल्यावर त्यांची पकड कमी होते. म्हणून पावसाळ्यात पाणी ओलांडल्यावर गाडी हळू ठेवून ब्रेक अलगद दाबावे, म्हणजे ते वाळतात. झिजलेले ब्रेक शू ताबडतोब बदलावेत. ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या शूंत फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टस असे. काढलेले काळे तेलही गटारात ओतू नये. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी आधीच मलिन झाली आहे. तिच्यात आपली भर नको.

मुलांनो, मोटरसायकल चालविण्याचे तुमचे वय अद्याप झालेले नाही. परंतु सायकल तर तुमच्या घरी असेल! तिची साखळी पुसा, तेलाचे दोन थेंब सोडा, ब्रेक दाबून पाहा. कुरकुर ऐकू आली, तर ती कोठून येते याचा शोध घ्या. शोध लागण्यापूर्वी पाना उचलू नका. वस्तू जुनी झाली म्हणून टाकून देणे सोपे असते. तिचे दुखणे ओळखून तिला पुन्हा चालती करणे, यात खरे कौशल्य आहे.

शब्दार्थ : आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा. बीड – ओतीव लोखंड. दट्ट्या – सिलिंडरमध्ये खालीवर सरकणारा भाग.

स्वाध्याय
१. टाकीच्या झाकणातील छिद्र बुजल्याने गाडी का बंद पडत असे?
२. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण स्वाराला कशी लागू पडते?
३. ‘वैद्य जीभ पाहतो, तसाच मेस्त्री प्लग पाहतो’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूची निगा कशी राखली जाते, ते दहा ओळींत लिहा.