गाळातली ऊर्जा आणि गाळातले पहारेकरी



सिव्हिलवाल्यांना 'वेस्टवॉटर'चा पेपर असतो, मेकॅनिकलवाल्यांना 'एनर्जी'चा, आणि बायोटेकवाले आपापल्या पेट्री डिशमध्ये खूश असतात. हे तिन्ही विषय एकाच टाकीत एकत्र येतात, हे मात्र कुठल्याच सिलॅबसमध्ये लिहिलेलं नसतं. ती टाकी म्हणजे बायोगॅसचा डायजेस्टर. हॉस्टेलच्या संडासातून, बाथरूममधून आणि मेसच्या मोरीतून जे पाणी रोज वाहून जातं त्यात इंधन किती असतं, ते बाहेर काढणारे सूक्ष्म जीव कोण, आणि त्या जीवांनाच विषाणूची लागण झाली तर काय होतं, एवढंच या लेखात बघायचं आहे. विषय थोडा घाण आहे. जेवून झाल्यावर वाचा.

आधी हिशोब करू, कारण हिशोबाशिवाय इंजिनिअर नाही. समजा चारशे मुलांचं हॉस्टेल आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं तर ५४,००० लिटर सांडपाणी होतं. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय पदार्थांना पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला ५०० मिलिग्रॅम धरू. म्हणजे रोज २७ किलो सीओडी. एक किलो सीओडीपासून जास्तीत जास्त ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, हे सूत्र व्हायव्हात हमखास विचारतात. गुणाकार केला की सुमारे साडेनऊ घनमीटर मिथेन येतो. उष्णतेच्या भाषेत तो साधारण सात किलो एलपीजीच्या बरोबरीचा. मेसमध्ये १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर असतो, त्याचा तिसरा हिस्सा आणि वर थोडा. प्रत्यक्षात याच्या निम्मा गॅस मिळाला तरी नशीब, कारण सांडपाणी फार पातळ असतं आणि बराच मिथेन पाण्यात विरघळून तसाच निघून जातो. तेव्हा 'हॉस्टेलच्या मैल्यावर अख्खी मेस चालेल' असं कोणी सांगितलं तर त्याला कॅल्क्युलेटर द्यावा.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू जास्त मजेशीर आहे. अशा एका घनमीटर सांडपाण्यात सुमारे १.९ युनिट एवढी रासायनिक ऊर्जा असते. तेच पाणी नेहमीच्या पद्धतीने, ब्लोअरने हवा फुंकून साफ करायला साधारण ०.३ ते ०.६ युनिट वीज लागते, आणि त्यातली निम्मी किंवा जास्त एकट्या ब्लोअरवर जाते. म्हणजे ज्या पाण्यात तीन ते सहा पट ऊर्जा भरलेली आहे, ते साफ करायला आपण बाहेरून वीज विकत घेतो! ऑस्ट्रियातल्या श्ट्रास गावच्या सांडपाणी केंद्राने हे गणित उलटं करून दाखवलं. गाळाचा गॅस करून इंजिन चालवायचं आणि हवा जपून वापरायची, असं करत २००५ पर्यंत ते केंद्र स्वतःच्या वापरापेक्षा जास्त वीज बनवू लागलं.

आपल्याकडेही ही गोष्ट नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरला जात होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात भंगीमुक्तीसाठी संडासाचे जे प्रयोग केले, त्यात मैल्यापासून गॅस करणंही होतं. देहूला डॉक्टरकी करता करता गावाचे संडास सुधारणारे डॉ. मापुसकर हे अप्पांनाच गुरू मानत. त्यांनी संडासाला थेट जोडलेले बायोगॅस प्लँट बसवले आणि लोकांच्या मनातली किळस घालवण्यात आयुष्य घातलं. मृत्यूनंतर २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोघांना गॅस हा नफा वाटत होता, मुख्य मुद्दा होता माणसाने माणसाचा मैला उचलू नये हा. गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेल्याची बातमी आजही पेपरात येते. मैला कुजताना गटारात साचणारे जे वायू त्याचा जीव घेतात, त्यातला मिथेन बंद टाकीत धरला की शेगडीत जळतो. हायड्रोजन सल्फाइड मात्र टाकीतही विषारीच, त्यामुळे बायोगॅस टाकीत डोकं घालून बघण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

आता टाकीच्या आत जाऊ (कल्पनेतच!). आत चार टप्प्यांची पंगत असते. पहिले जिवाणू मोठे रेणू तोडतात, दुसरे त्याची आम्लं करतात, तिसरे त्या आम्लांचं अॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात, आणि शेवटच्या पंगतीला बसणारे मिथेनजनक जीव त्याचा मिथेन करतात. हे शेवटचे खरं तर जिवाणू नव्हेत, 'आर्किया' नावाची वेगळीच जुनी जमात आहे. त्यांना ऑक्सिजन अजिबात चालत नाही, पीएच सातच्या आसपास लागतो आणि त्यांची वाढ भयंकर सावकाश होते. ई. कोलायसारखा जिवाणू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर काही मिथेनजनकांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. म्हणूनच टाकी बंद पडते ती बहुधा याच टोकाला. मेसवाल्याने एकदम दोन बादल्या शिळा भात आणि आमटी ओतली की आधीच्या पंगती भराभर आम्ल करतात, शेवटची पंगत मागे पडते, टाकी आंबते आणि गॅस बंद. मग लोक म्हणतात, 'प्लँट फेल गेला'.

एवढं सगळं पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतो तो या पंगतीतला पाचवा पाहुणा, म्हणजे विषाणू.

विषाणू म्हटलं की आपल्याला सर्दी नाहीतर कोरोना आठवतो. पण पृथ्वीवरचे बहुतेक विषाणू माणसाच्या वाटेलाही जात नाहीत, ते जिवाणूंवर जगतात. त्यांना फाज म्हणतात. फाज जिवाणूच्या अंगावर बसतो, आपला डीएनए आत सोडतो, आत स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि शेवटी जिवाणू फोडून बाहेर पडतो. १९१५ मध्ये इंग्लंडमध्ये ट्वॉर्टने आणि १९१७ मध्ये पॅरिसमध्ये देरेलने त्यांचा शोध लावला. त्याच्या वीस वर्षं आधी, १८९६ मध्ये, आपल्या आग्र्याला काम करणाऱ्या हॅन्किनने लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. ते फाजच होते असं अनेकजण मानतात, सगळे नाही.

सांडपाण्याच्या गाळात फाज किती असावेत? हवा फुंकलेल्या गाळाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत! जिथे जिवाणूंची इतकी दाटी तिथे त्यांचे शिकारीही असणारच. तरीही गाळातले जिवाणू टिकून आहेत, टाकी चालते आहे. म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी संरक्षण आहे. ते काय?

याचं उत्तर मिळालं ते फार आडवळणाने. १९८७ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांचे सहकारी ई. कोलायचा एक जीन वाचत होते. त्याच्या शेजारी त्यांना एकच अक्षरमाळ ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा आलेली दिसली आणि मधल्या जागेत दर वेळी वेगळाच मजकूर. याचा अर्थ काय, ते त्यांना सांगता आलं नाही. पुढे स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिकाला मिठागरातल्या आर्कियामध्ये असंच काही दिसलं आणि तो त्याच्या मागेच लागला. २००५ मध्ये त्याने दाखवलं की मधला मजकूर फाजच्या डीएनएशी जुळतो. या रचनेला आज आपण 'क्रिस्पर' म्हणतो.

हॉस्टेलच्या गेटवरच्या वॉचमनकाकांचं रजिस्टर डोळ्यासमोर आणा. एकदा चोर पकडला की त्याच्या फोटोचा तुकडा कापून रजिस्टरला चिकटवायचा. पुढच्या वेळी तोच चेहरा गेटवर आला की फोटो पडताळायचा आणि तिथेच धरायचा. जिवाणू नेमकं हेच करतो. फाजच्या डीएनएचा छोटा तुकडा कापून स्वतःच्या डीएनएमध्ये रांगेत पहिल्या जागी ठेवतो. त्या तुकड्याची आरएनए-प्रत घेऊन 'कॅस' नावाची प्रथिनं पेशीत गस्त घालतात. जुळणारा डीएनए आत शिरला की कात्री चालवतात. मग स्वतःच्या रजिस्टरमधलाच फोटो बघून तिथे कात्री का चालत नाही? तर फाजच्या डीएनएमध्ये त्या तुकड्याला लागून दोन-तीन अक्षरांची एक खूण असते आणि रजिस्टरमध्ये चिकटवताना ती खूण घेतलेली नसते. किती साधी युक्ती!

आपली आणि त्यांची प्रतिकारशक्ती यात एक मोठा फरक आहे. आपल्याला गोवर होऊन गेला म्हणून आपल्या पोराला जन्मभराचं संरक्षण मिळत नाही, त्याला लस द्यावीच लागते. जिवाणूचं रजिस्टर मात्र डीएनएमध्येच असल्याने वारशाने मिळतं. पेशी दुभंगली की दोन्ही मुलींना पूर्ण प्रत मिळते. शिवाय नवे तुकडे पुढे आणि जुने मागे असल्यामुळे त्या वंशावर कोणत्या विषाणूंनी कोणत्या क्रमाने हल्ला केला याचा इतिहासही वाचता येतो. मिथेनजनक ज्या आर्किया जमातीतले आहेत, तिच्यात तर बहुतेकांकडे क्रिस्पर सापडतं. जिवाणूंमध्ये ते निम्म्याहून कमी जणांकडे आहे.

याचा प्रयोगाने पुरावा दिला तो दह्याच्या धंद्याने. डेअरीत विरजणाच्या जिवाणूंवर फाज पडला की हजारो लिटर दूध वाया जातं, म्हणून कारखाने आलटून पालटून वेगळी विरजणं वापरतात. डॅनिस्को कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की फाजच्या हल्ल्यातून वाचलेल्या जिवाणूंच्या रजिस्टरमध्ये त्याच फाजचे नवे तुकडे आलेले असतात, आणि ते तुकडे काढून टाकले की संरक्षणही जातं. पुढे याच कात्रीतून जीन-एडिटिंगचं तंत्र निघालं, शार्पांतिए आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं, आणि २०२३ मध्ये सिकलसेलवर या तंत्राच्या उपचाराला ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळाली. गडचिरोली-नंदुरबारकडच्या आपल्या मित्रांना सिकलसेल म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. असो, आपण गाळाकडे परत येऊ.

गाळावरचा मला सगळ्यात आवडलेला अभ्यास २००८ चा आहे. अमेरिकेत मॅडिसन आणि ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन, दोन्हीकडे सांडपाण्यातला फॉस्फरस काढणाऱ्या रिअॅक्टरमध्ये 'अॅक्युम्युलिबॅक्टर' नावाचा एकच जिवाणू मुख्य असतो. (हा गॅस बनवत नाही, पण असा गाळ पुढे डायजेस्टरमध्ये जाऊ शकतो.) मध्ये अख्खा पॅसिफिक महासागर असूनही दोन्हीकडच्या मुख्य जातीचे जीनोम ९५ टक्क्यांहून जास्त सारखे निघाले. फरक होता तो नेमका फाजपासून बचाव करणाऱ्या भागात, म्हणजे क्रिस्परच्या रजिस्टरमध्ये आणि पेशीवरच्या आवरणाच्या जीन्समध्ये. जिवाणू जगभर फिरतो, पण चोर ज्या त्या गल्लीतले असतात.

आता यात इंजिनिअरचं काय? आपण नवा प्लँट सुरू करताना दुसऱ्या चालू प्लँटची स्लरी किंवा शेण आणून टाकतो. विरजणच ते. पण त्या विरजणाकडचं रजिस्टर त्याच्या जुन्या गावातल्या चोरांचं असतं. इथले फाज त्याला अनोळखी. त्यामुळे मला वाटतं, एकाच ठिकाणचं विरजण आणण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणचं मिसळून आणावं आणि चालू टाकीतली थोडी स्लरी बाजूला राखून ठेवावी, डेअरीवाले ठेवतात तशी. रजिस्टरं जितकी वेगवेगळी तितकी एकाच फाजने सगळ्यांना लोळवण्याची शक्यता कमी. टाकी पूर्ण उपसून धुऊन पुन्हा सुरू करणं तर मुळीच नको. धुतली जाते ती त्या जागेची साठलेली प्रतिकारशक्ती.

पण म्हणून प्रत्येक बंद टाकीचं खापर विषाणूंवर फोडायला नको. आधी पीएच बघा, कोणी फिनेल किंवा अॅसिडची बाटली संडासात ओतली का ते विचारा, मेसने काय टाकलं ते बघा. दहातल्या नऊ वेळा कारण तिथेच सापडेल असा माझा अंदाज आहे. शिवाय फाज नुसते खलनायक नसतात. एक जात फार माजली की तिलाच ते जास्त सापडतात आणि ती आटोक्यात येते. फुटलेल्या पेशीतला ऐवजही वाया जात नाही, तो पहिल्या पंगतीच्या पानात पडतो.

फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगून थांबतो. बायोटेकच्या लॅबमध्ये, सरांच्या देखरेखीखाली आणि हातमोजे घालून करायचा. सांडपाण्याचा नमुना ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा. जिवाणू वर अडकतात, फाज खाली येतात. ते गाळलेलं पाणी निरुपद्रवी के-१२ जातीच्या ई. कोलायमध्ये आणि कोमट, पातळ अगारमध्ये मिसळून प्लेटवर ओतायचं आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी प्लेट उजेडाकडे धरली की जिवाणूंच्या पांढुरक्या सायीत काचेसारखी स्वच्छ, गोल भोकं दिसतात. एकेक भोक म्हणजे एका फाजचं रात्रभराचं काम. आणि एखाद्या भोकाच्या मधोमध बारीक ठिपक्याएवढी वसाहत वाढलेली दिसली, तर ती नीट उचलून वेगळ्या प्लेटवर वाढवा. ते वाचलेले असतात.