इंजिनावरचा ५९ म्हणजे १९५९ नव्हे

प्रश्न : साताऱ्याजवळचं आजोबांचं गॅरेज आवरताना एक अवजड इंजिन सापडलं. व्ही आकार, आठ सिलिंडर आणि वर दोन सपाट झाकणं. एका जुन्या मिस्त्रींनी बघताक्षणी सांगितलं, ‘हे फोर्डचं फ्लॅटहेड.’ मागच्या बाजूला ओतीव लोखंडातच ‘५९ए’ अशी खूण आहे. म्हणजे ते १९५९ सालचं का? जाम झालंय, पहार लावून फिरवून पाहू का?

उत्तर : तुमच्या मिस्त्रींची नजर पक्की आहे. साल मात्र १९५९ असणं शक्य नाही. फोर्डने हे इंजिन १९३२मध्ये आणलं. अमेरिकेत ते १९५३पर्यंत मोटारींना बसत होतं, कॅनडात १९५४पर्यंत. ‘५९’मधला ५ हा १९४५चा आणि ९ ही फोर्डच्याच मर्क्युरी गाड्यांच्या मोठ्या इंजिनाची खूण. ही ओतणी महायुद्ध संपताना सुरू झाली आणि १९४८पर्यंतच्या गाड्यांत चालली.

पण एवढ्या एका खुणेवर थांबू नका. इतक्या वर्षांत कोणत्या मिस्त्रीने कुठला भाग कुठून आणून जोडला असेल, काय सांगावं! हेडवर काही कोरलेलं असेल तर ते फक्त त्या हेडबद्दल सांगतं. हेड सहज बदलतं. ब्लॉक बदलत नाही, म्हणून ब्लॉकला विचारायचं.

आधी एका हेडचे स्टड मोजा. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी बसतात. वर यंत्रणा काहीच नसते, हेड म्हणजे निव्वळ झाकण. त्यामुळे ते दाबून धरणारे स्टड उघड्यावर असतात, काही न खोलता मोजता येतात. २१ भरले तर इंजिन १९३२ ते १९३८च्या सुरुवातीपर्यंतचं. २४ भरले तर त्यानंतरचं. १७ असतील तर ते ६० अश्वशक्तीचं धाकटं भावंड, अमेरिकेत १९३७ ते १९४०मधलं. तुमचे २४ भरायला हवेत.

मग मागे जा. क्लचभोवतीच्या घुमटाचा, म्हणजे बेल हाऊसिंगचा, वरचा अर्धा भाग ब्लॉकबरोबरच ओतलेला आहे का? असेल तर तो १९४८पर्यंतच्या मोटारींचा घाट. १९४९पासून मोटारींच्या इंजिनांना बेल हाऊसिंग सुटं, बोल्टने जोडलेलं. हेडवरची पाण्याची नळीही त्याच वेळी हलली : ५९ए मालिकेत ती हेडच्या मध्यावर, १९४९नंतर पुढच्या टोकाला. डिस्ट्रिब्युटर पुढच्या बाजूला चपटा, पाय पसरलेल्या खेकड्यासारखा असेल तर तो १९४२ ते १९४८चा. अमेरिकी मिस्त्री त्याला खेकडाच म्हणतात. नंतरचा उभा. तो सुटा भाग आहे, म्हणून त्याची साक्ष दुय्यम धरा.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजून साल ठरवायच्या नादी लागू नका. सुरुवातीचं इंजिन २२१ घनइंचांचं, म्हणजे ३.६ लिटरचं, तुमचं २३९ घनइंचांचं, ३.९ लिटरचं. दोघांच्या बोअरमध्ये जेमतेम आठवा भाग इंचाचा फरक. दोन-तीनदा रीबोअर झालेला जुना ब्लॉक त्यात सहज फसवतो.

नंबर शोधत बसला असाल तर तोही शोध थांबवा. फोर्डने त्या काळात गाडीचा नंबर चॅसिसवर आणि गिअरबॉक्सच्या बाजूच्या क्लच हाऊसिंगवर ठोकला, इंजिनाच्या ब्लॉकवर नव्हे. गिअरबॉक्स वेगळा झाला की नंबरही त्याच्याबरोबर गेला. जुन्या कागदांत लिहिलेला ‘इंजिन नंबर’ ब्लॉकवर सापडत नाही म्हणून कित्येक इंजिनं उगाच संशयात सापडतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

एक खूण मात्र जरूर पाहा : ५९च्या आधी ‘सी’ आहे का? असेल तर ओतणी कॅनडाची. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांत फोर्ड विकण्याचा हक्क कॅनडाच्या कंपनीकडे होता आणि १९२६मध्ये मुंबईत उघडलेली फोर्डची कंपनी तिचीच शाखा. महायुद्धात कॅनडाने बांधलेल्या लष्करी फोर्ड ट्रकांतही फ्लॅटहेड व्ही-८च असे. तेव्हा इंजिन साताऱ्याला मोटारीतून आलं की ट्रकमधून, याचा विचार त्या ‘सी’पासून सुरू करता येईल.

आता पहार. कृपा करून लावू नका. आठही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात पातळ तेल सोडा आणि आठवडाभर वाट बघा. मग पुढच्या पुलीवरून हाताने, दोन्ही दिशांना हलकेच जोर द्या. तरीही हललं नाही तर हेड उतरवावे लागतील, आणि तिथे घाई करू नका. स्टडची मुळं पाण्याच्या पोकळीत उतरलेली असतात, त्यामुळे ती गंजून धरतात आणि पाना लावताच तुटतात. हेड निघाले की व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधली अरुंद पट्टी भिंगाखाली तपासा. या इंजिनात जळका वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतो, ब्लॉक तापतो आणि तडा बहुधा तिथेच जातो. ती पट्टी शाबूत निघाली, तर मला जरूर कळवा.