धुरावरून डिझेल इंजिनाची दोषपरीक्षा

गव्हाच्या पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाण्याची पाळी चुकल्यास फुटवे कमी होऊन उत्पन्न घटते. ऐन अशा वेळी विहिरीवरील इंजिन नीट चालेनासे झाल्यास ते घाईने खोलू नये. प्रथम धुराचा रंग पाहावा.

काळा धूर : इंधन पुरते जळत नाही. हवेची गाळणी स्वच्छ करावी. पंपाचा भार इंजिनाच्या शक्तीहून अधिक नाही ना, हे पाहावे. तरीही धूर न थांबल्यास नोझल तपासून घ्यावे.

पांढरा धूर : थंड इंजिन सुरू होताना तो थोडा येतोच. इंजिन तापल्यावरही टिकल्यास डिझेलमध्ये पाणी असण्याचा संभव असतो. टाकीच्या तळाचे पाणी काढून टाकावे.

निळा धूर : वंगण तेल जळत आहे. तेलाची पातळी खुणेच्या वर नसेल, तर पिस्टनच्या रिंगा बहुधा झिजलेल्या असतात. हे काम कुशल कारागिराकडे सोपवावे.

धूर स्वच्छ असूनही इंजिन अडखळत बंद पडत असेल, तर इंधननळीत हवा शिरली आहे काय, हे पाहावे. हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व स्क्रू पुन्हा घट्ट करावा.

ही परीक्षा उघड्यावरच करावी. बंद खोलीत कोंडलेला धूर प्राणघातक ठरतो.